मला जायचंय

रविवारी दुपारी अडीच ते चार मी मराठी शिकवते. एवढं एक वाक्य वाचलंत आणि लिहिणारी बाई आहे हे तुम्हाला कळलं. नाव सांगितलं नाही, वय सांगितलं नाही, नुसतं 'शिकवते' म्हटलं आणि झालं. आपल्या भाषेत क्रियापदच चुगली करतं. चाळीसहून जास्त वर्षं मी ही भाषा बोलतेय, पण ही चुगली माझ्या कानांना कधी ऐकू आली नव्हती. ती ऐकू यायला अमेरिकेतल्या इलिनॉयमधलं अर्बाना हे मका-सोयाबीनच्या शेतांत वसलेलं विद्यापीठाचं गाव, तिथल्या एका वाचनालयाच्या तळघरातली खोली आणि वर्गातलं एक तेरा वर्षांचं पोरगं लागलं.

'पोरगं' हा शब्द त्यानंच निवडलेला. कसा, ते पुढे येईल.

वर्ग म्हणजे अकरा मुलं, चाकांचा एक पांढरा फळा आणि दर आठवड्याला कुणाच्या तरी आईनं आणलेल्या चकल्या. मुलांना मराठी समजतं, बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते. त्या रविवारी 'माझा दिवस' या विषयावर दहा वाक्यं लिहून वाचायची होती. 'मी सातला उठतो', 'मी सातला उठते', 'मी दात घासतो', 'मी दात घासते'. मी मान डोलवत, चुका पेन्सिलीनं खुणावत ऐकत होते. मग या पोरग्याची पाळी आली.

"सकाळी मला लवकर जाग येते. मला खूप भूक लागते. मला अंघोळ आवडत नाही. मला शाळेत गणित आवडतं. काल मी पिझ्झा खाल्ला. मग मी एक पुस्तक वाचलं. उद्या मी पोहायला जाईन. मला झोप लवकर येत नाही. मला वर्ग थोडा बोअर वाटतो. आता मला घरी जायचंय."

शेवटच्या वाक्याला सगळे हसले, मीही हसले. शिवाय म्हटलं, "छान. फक्त जरा उठणं, जाणं, बसणं अशी क्रियापदं पण वापरत जा ना." त्यानं खांदे उडवले.

संध्याकाळी त्याच्या आईचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. मागे कुकरची शिट्टी. "ताई, एक विचारायचं होतं. आमचं लेकरू आता शाळेत स्वतःला 'दे' (they) म्हणवून घेतंय. 'ही' (he) पण नाही, 'शी' (she) पण नाही. इंग्रजीत आम्ही जमवतो, चुकतो, पुन्हा म्हणतो. पण मराठीत काय करू? तुम्ही व्याकरणवाल्या, सांगा ना काहीतरी."

व्याकरणवाल्या बाईंनी "बघते हं" एवढंच उत्तर पाठवलं. मग वही उघडली आणि ती दहा वाक्यं पुन्हा वाचली. एकाही वाक्यात पोरग्यानं स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हटलेलं नव्हतं. 'मी उठतो'च्या जागी 'मला जाग येते'. जाग स्त्रीलिंगी, तिचं ती बघून घेईल. 'मी पिझ्झा खाल्ला' यात क्रियापद पिझ्झ्याच्या मागे गेलं, खाणारा कोण याची त्याला पडलेली नाही. 'मी जाईन' याला मुळातच लिंग नाही. मला, मला, मला. मी सहा वर्षं शिकवतेय, त्याआधी पुण्यात मराठी घेऊन एम.ए. केलंय, कर्तरी-कर्मणी-भावे घोकून परीक्षा दिल्यात. माझ्याच घराला मागच्या बाजूनं दार आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या पोरग्यानं ते शोधलं, त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

आणि मी त्याला म्हटलं, उठणं-जाणं-बसणं वापरत जा.

*

भाषा शिकवणं आणि लिंगओळख या दोन गोष्टींचा एकत्र विचार कुणी केलाय का, हे शोधायला लागले तेव्हा सापडलेलं नाव आमच्या गावातलंच निघालं. जेनी डेव्हिस. चिकसॉ नेशनचं (चिकसॉ या मूळनिवासी अमेरिकन लोकांच्या स्वशासित राष्ट्राचं) नागरिकत्व, इलिनॉय विद्यापीठात मानववंशशास्त्र आणि अमेरिकन इंडियन अभ्यास या विषयांचं अध्यापन, कविताही लिहितात, आणि स्वतःची ओळख टू-स्पिरिट अशी सांगतात (मूळनिवासी अमेरिकन लोकांमधल्या समलिंगी आणि स्त्री-पुरुष चौकटीपलीकडच्या माणसांचा हा शब्द, त्याबद्दल पुढे येईल). मी ज्या रस्त्यानं किराणा आणायला जाते त्याच रस्त्यावरच्या इमारतींत हे काम चाललं होतं, आणि इतक्या वर्षांत मला पत्ता नव्हता.

पत्ता नसणं हे इथल्या हवेतच आहे म्हणा. ज्या इलिनी लोकांवरून या राज्याला नाव पडलं, त्यांना हाकलत हाकलत पार ओक्लाहोमापर्यंत नेलं. मागे उरला तो पिसांचा टोप घातलेला, विद्यापीठाच्या संघाचं प्रतीक म्हणून फुटबॉलच्या मैदानावर नाचणारा 'चीफ इलिनिवेक'. हा नाच विद्यापीठानं २००७ मध्ये बंद केला. तरी सामन्याच्या दिवशी त्याचा चेहरा छापलेले शर्ट घातलेली माणसं अजून दिसतात. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा तो शर्ट मलाही 'एथनिक' वाटून आवडला होता. घेतला नाही, एवढंच. तोही किंमत बघून.

चिकसॉ लोक इथले नव्हेत. त्यांचा मुलूख दक्षिणेला, आजच्या मिसिसिपी, अलाबामा, टेनेसीच्या भागात. १८३७ मध्ये त्यांची रवानगी मिसिसिपी नदीपलीकडे सुरू झाली. त्याच वर्षीचा एक खटला वाचून मी चाट पडले. बेट्सी लव्ह नावाची एक चिकसॉ बाई. नवऱ्याच्या कर्जापायी सावकारानं तिच्या मालमत्तेवर हात टाकला. कोर्टात सांगितलं गेलं, की चिकसॉ रिवाजात बायकोची मालमत्ता बायकोची, नवऱ्याचा तिच्यावर हक्क नाही. मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयानं ते मान्य केलं, आणि दोन वर्षांत, १८३९ मध्ये, त्या राज्यानं विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. अमेरिकेतला तशा प्रकारचा हा अगदी सुरुवातीचा कायदा. गोऱ्या बायकांना नवऱ्यापासून वेगळं काही बाळगायचा हक्क मिळाला त्यामागे एका चिकसॉ बाईचा खटला होता असं सांगितलं जातं, आणि तिच्या लोकांना त्याच सुमारास तिथून उठवलं जात होतं.

इथे थांबावंसं वाटतं, पण ती मालमत्ता काय होती तेही सांगायला हवं. गुलाम म्हणून ठेवलेला एक काळा माणूस. इतिहास असा सरळ हाती लागत नाही, कुठेतरी बोटाला लागतोच.

*

डेव्हिस यांचं 'टॉकिंग इंडियन' हे पुस्तक २०१८ मध्ये आलं. नाव चिकसॉ लोकांच्या बोलण्यातलंच आहे. तिकडची जुनी माणसं आपल्या भाषेत बोलण्याला 'इंडियन बोलणं' म्हणतात. भाषेचं स्वतःचं नाव चिकाश्शानोंपा. अस्खलित बोलणारी माणसं शंभराच्याही आत, बहुतेक सगळी म्हातारी. आणि तरीही ओक्लाहोमातल्या एडा गावात, नेशनच्या राजधानीत, भाषेची नुसती धामधूम आहे. २००७ पासून भाषेचा स्वतंत्र कार्यक्रम, मुलांचे वर्ग, फोनवरचं ॲप, एकेका वृद्धाबरोबर एकेका शिकाऊ माणसानं बसायची व्यवस्था, पाट्यांवर आणि शर्टांवर चिकसॉ शब्द. याला पैसा लागतो. तो बराचसा कॅसिनोंतून येतो. ओक्लाहोमा आणि टेक्ससच्या सीमेवर चिकसॉ नेशनचा जगातल्या सर्वांत मोठ्या कॅसिनोंपैकी एक आहे. टेक्ससचे लोक तिथे पैसे हरतात आणि त्यातून क्रियापदं जगतात. आपल्याकडे भाषेसाठी निधी द्या म्हणून परिसंवाद होतात त्यात हा पर्याय अजून कुणी सुचवलेला नाही.

या पुस्तकातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. भाषेच्या कामात आपण माणसांच्या दोनच रांगा लावतो, बोलणारे आणि न बोलणारे. डेव्हिस यांनी एडामध्ये पाहिलं ते वेगळं होतं. बोलणारे होते, शिकणारे होते, आणि तिसरे असेही होते ज्यांना धड बोलता येत नाही पण ज्यांची आजी बोलते, जे तिला गाडीतून वर्गाला घेऊन येतात, ज्यांच्या घरात फ्रिजवर शब्द चिकटवलेले असतात. भाषेशी त्यांचं नातं आहे, आणि समाज ते नातं मोजतो. जनगणनेच्या रकान्यात ही माणसं शून्य. पण वृद्ध आजीला वर्गाला आणणारं कुणी नसेल तर वर्गच भरणार नाही.

२०१७ च्या एका लेखात तर डेव्हिस यांनी आमच्यासारख्या हळहळणाऱ्यांचीच चामडी सोलली आहे. लुप्त होणाऱ्या भाषांबद्दल आपण कसं बोलतो, तर भाषा माणसांच्या जगण्यापासून खुडून घेतो, जणू ती संग्रहालयात ठेवायची वस्तू. 'भाषा मरतेय' म्हणतो आणि मारणाऱ्याचं नाव गाळतो. आणि 'शेवटचा भाषक' शोधत फिरतो.

दुसरा मुद्दा तर मराठीच्या शिक्षिकेला लगेच भिडला. 'मरणे' अकर्मक आहे. भाषा मेली, इतकंच वाक्य पूर्ण. 'मारणे' म्हटलं की कर्ता लागतो, आणि मग जमिनीचे करार, मुलांना इंग्रजीच बोलायला लावणाऱ्या शाळा, १९०७ मध्ये झालेलं ओक्लाहोमा राज्य, हे सगळं वाक्यात आणावं लागतं. चिकसॉ नेशनला आपला गव्हर्नर आपण निवडायची मुभा १९७० नंतर मिळाली, तोवर तो वॉशिंग्टनहून नेमला जायचा. हा सगळा कर्ता आपण एका अकर्मक क्रियापदानं झाकून टाकतो.

तिसऱ्या मुद्द्यापाशी मी ओशाळले. अंदमानातल्या बोआ सीनियर २०१० मध्ये गेल्या, 'बो' भाषा बोलणाऱ्या त्या अखेरच्या, तेव्हा ती बातमी मी किती जणांना पाठवली होती. चिकसॉ भाषेबाबतही असंच झालं. ३० डिसेंबर २०१३ रोजी एमिली जॉन्सन डिकर्सन या ९३ वर्षांच्या बाई एडामध्ये गेल्या. केवळ चिकसॉ बोलणाऱ्या, इंग्रजी न बोलणाऱ्या त्या अखेरच्या. बातमी जगभर गेली. त्याच आठवड्यात, त्याच गावात कुणीतरी पोर पहिल्यांदा 'चोक्मा' (चांगलं) म्हणायला शिकलं असणार. ती बातमी होत नाही.

आमच्या तळघराची आणि एडाची तुलना मात्र मी करणार नाही. मोह झाला होता. 'परदेशात आपली भाषा टिकवताना' वगैरे. पण मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटींच्या वर आहेत आणि आता ती अभिजात भाषा आहे. आमची अकरा मुलं उद्या मराठी विसरली तर आमच्या घरांत दुःख होईल, मराठीला काही होणार नाही. आम्ही आमचं गाव विमानाचं तिकीट काढून सोडलं. चिकसॉ लोकांना ते करार लादून सोडायला लावलं.

*

आता टू-स्पिरिट. हा शब्द ऐकला की फार प्राचीन, धुनीच्या धुरातून आलेला वाटतो. तो १९९० चा आहे, माझ्यापेक्षा लहान. कॅनडात विनिपेगजवळ वेगवेगळ्या जमातींच्या समलिंगी आणि लिंगभेदापलीकडच्या लोकांचं संमेलन भरलं होतं, तिथे तो पुढे आला. ओजिब्वे भाषेतलं त्याचं रूप 'नीझ मनिडूवग', दोन आत्मे. त्याआधी मानववंशशास्त्रज्ञ या लोकांना 'बर्डाश' म्हणत. हा शब्द फारसी-अरबीतून फिरत फिरत फ्रेंचमध्ये गेला, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे गुलाम, बटीक. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना शिवी देऊन प्रकरणाची सुरुवात. कितीतरी वर्षं जाडजूड ग्रंथांत हे असंच चालू होतं.

जमातींचे स्वतःचे शब्द होतेच. नाव्हाहोंचा नाडलीही, लकोटांचा विंक्ते, झुनींचा ल्हामाना. झुनींमधल्या वी'वा या ल्हामाना (जन्मानं पुरुष, वेश बाईचा) विणकामात आणि कुंभारकामात नामांकित. १८८६ मध्ये त्या वॉशिंग्टनला गेल्या, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांना भेटल्या. राजधानीतल्या उच्चभ्रू मंडळींनी त्यांना झुनी स्त्री म्हणूनच पाहिलं. (इथे मी 'त्या गेल्या' लिहिलं. झुनी भाषेत काय म्हणाले असते, मला माहीत नाही. मराठीनं मला निवड करायलाच लावली.)

मग वाद असा, की टू-स्पिरिट ही इंग्रजीतली मोठी छत्री वापरायची, की प्रत्येकानं आपापल्या जमातीचा शब्द शोधायचा? एक सगळ्यांना एकत्र आणते पण बारकावे पुसते, दुसरा नेमका पण ज्यांच्या भाषेतला शब्द हरवला त्यांना वाऱ्यावर सोडतो. डेव्हिस यांनी २०१४ च्या एका लेखात या वादाकडे भाषाशास्त्राच्या बाजूनं पाहिलं. माणसं प्रत्यक्षात बोलतात कशी? तर ती 'किंवा' म्हणत नाहीत, 'आणि' म्हणतात. टू-स्पिरिट आणि आपल्या जमातीचं नाव. पुरुष आणि स्त्री. इंडियन आणि क्विअर. अभ्यासकांनी आखलेल्या जोड्या बोलणाऱ्यांच्या तोंडी टिकत नाहीत. आणि शब्द हरवलाय म्हणून माणूस हरवलेलं नसतं, ते नवा शब्द घेऊन जुन्या जागेवर येऊन बसतं. भाषा जागी करायचं काम आणि ही ओळख सांगायचं काम डेव्हिस यांच्या लिखाणात एकाच टेबलावर का असतं, ते मला इथे कळलं. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. तुम्ही अस्सल आहात की नाही हे ठरवणारा कोण?

हे वाचून माझे हात शिवशिवले. यल्लम्माचे जोगते आपल्याकडे आहेतच, आपले तृतीयपंथी आहेतच, तृतीय लिंगाला मान्यता देणारा १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, चला, 'आपले टू-स्पिरिट' असा लेख लिहून टाकू. लिहायला बसले आणि तिसऱ्या परिच्छेदात थांबले. टू-स्पिरिट हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी तो आपल्या लोकांपुरता घडवला. भूमी गेली, मुलं गेली, हाडंसुद्धा विद्यापीठांच्या खोक्यांत गेली, त्यातून राखलेला शब्द. तो मी डोईवर परडी घेऊन दारी येणाऱ्या जोगत्याच्या गळ्यात घातला तर तीही एक उचलेगिरीच. जोगत्याला स्वतःचं नाव आहे. तो लेख काढून टाकला. 'द्विआत्मा' असं भाषांतरही करून पाहिलं होतं. भुताटकीच्या गोष्टीचं शीर्षक वाटतं.

*

चिकसॉ भाषेचं व्याकरण मी केवळ उत्सुकतेपोटी उघडलं. पामेला मन्रो आणि कॅथरीन विलमंड यांचा १९९४ चा कोश वाचनालयात होता. विलमंड चिकसॉ बोलत मोठ्या झालेल्या, मन्रो विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ, दोघींनी मिळून केलेलं काम. पहिल्याच वाक्यांपाशी माहेरचं कुणी भेटावं तसं झालं. 'ऑफिअत कोविआँ ल्हियोह्ली.' कुत्रं मांजराच्या मागे लागलंय. शब्दांचा क्रम आपलाच, आधी कुत्रं, मग मांजर, शेवटी धावपळ.

आणि मग हे. 'चोक्मा' म्हणजे चांगलं. त्याला 'मी' तीन तऱ्हांनी लावता येतो. 'चोक्माली', मी चांगलं वागतेय, माझ्या मनानं, ठरवून. 'साचोक्मा', मी चांगली आहे, स्वभावानंच. 'अनचोक्मा', मला चांगलं वाटतंय. करणारा मी, असणारा मी आणि ज्याला काही वाटतं, होतं तो मी. तीन वेगळे प्रत्यय. भाषाशास्त्रवाल्यांचं हे लाडकं उदाहरण आहे, कारण इंग्रजीत तिन्हींना एकच 'आय'. मला ते लाडकं वाटलं ते वेगळ्याच कारणानं. वरची तिन्ही भाषांतरं पुन्हा वाचा. पहिल्यात 'वागतेय', मी बाई. दुसऱ्यात 'चांगली', मी बाई. तिसऱ्यात 'मला चांगलं वाटतंय', आणि बाई गेली. पोरग्याची सगळी वही या तिसऱ्या 'मी'त लिहिलेली होती.

चिकसॉमध्ये तो प्रश्नच येत नाही. नुसतं 'चोक्मा' म्हटलं की तो, ती, ते, काहीही. पहिल्या दोन तऱ्हांत तृतीय पुरुषाला प्रत्ययच नाही, रिकामी जागा आहे. यावरून लगेच चिकसॉ म्हणजे समतेचं नंदनवन असं कुणी समजू नये. बंगालीतही क्रियापदाला लिंग नसतं आणि तिथल्या सुनांचे हाल आपल्याहून काही कमी झालेले नाहीत. भाषेत भिंत नसली तरी माणसं बांधतात. पण भिंत असली तर निदान दार कुठे आहे ते तरी माहीत हवं, आणि मराठीत ती दारं भरपूर निघाली. मी फळ्यावर लिहायला घेतलं. 'आम्ही आलो', यात बाप्ये-बाया सारखेच. 'तुम्ही आलात', तेच. 'डेव्हिस लिहितात', 'डेव्हिस यांनी लिहिलं', 'डेव्हिस यांचं पुस्तक'. या लेखात डेव्हिस यांच्यासाठी मी कुठेही 'त्या' किंवा 'ते' लिहिलेलं नाही. सहज, जमतं का पाहावं म्हणून. तुम्हाला खटकलं का? मान दिला की मराठी लिंग विचारत नाही, निदान बरीच वाक्यं विचारत नाही.

'ते' हा तर बहुरूपी. 'ते आले' म्हणजे मानाचे पाहुणे, 'ते आलं' म्हणजे वासरू. इंग्रजीतल्या 'दे'च्या उच्चाराशीही मिळतंजुळतं. पोरग्याला मी हे दोन्ही दाखवले. "तुला काय म्हणू?" 'ते आले' ऐकून ते फिदीफिदी हसलं, "आय साऊंड लाइक अ मिनिस्टर." 'लेकरू' फार तान्हं वाटतं म्हणालं. 'मूल' शाळेच्या पुस्तकातलं. 'पोरगं' त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, तोंडात खडीसाखर घोळवावी तसं. "पोरगं ओके आहे." मोठेपणी काय, असं मी विचारलं नाही. विसाव्या वर्षी कुणी 'पोरगं आलं' म्हणालं तर तो अपमान वाटेल, आणि तेव्हाचा शब्द तेव्हाच्या मंडळींना शोधावा लागेल.

*

एक जुनी गोष्ट या सगळ्यात सारखी वर येत होती. पुण्यात हॉस्टेलवर आमच्या खोलीत कोल्हापूरची एक मुलगी होती. लांब वेणी, कबड्डी खेळायची, रविवारी चुलत्यांकडून डब्यातून तांबडा रस्सा आणायची. ती म्हणायची, "थांब, मी आलो." "मी जेवलो." कोल्हापुराकडच्या बायका सर्रास असं बोलतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आम्हाला वाटलं. "कोण आला? दार लावा गं, पुरुष आला!" दर वेळी. आम्ही तिघी मराठीच्या विद्यार्थिनी, प्रमाणभाषा म्हणजे आमची जहागीर. आठवडाभर तीही हसली. मग हसणं बंद झालं, आणि महिनाभरात ती 'मी आले' म्हणायला लागली, शब्द उच्चारण्याआधी किंचित थांबून, पायरी चाचपडावी तसं. फक्त घरचा फोन आला की गॅलरीच्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून, हळू आवाजात 'येतो गं आई' म्हणायची.

तिला आम्ही दुरुस्त केलं, असं मी कितीतरी वर्षं गमतीनं सांगत असे.

*

गेल्या महिन्यात पोरग्याच्या घरी जेवायला गेले होते. आईनं थालीपीठं केली होती. साडेनऊला, म्हणजे तिकडे सकाळ झाल्यावर, आजीचा फोन. टॅब लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला, त्यामुळे आजींच्या हनुवटीखाली कैरीच्या फोडी. त्यांना नातवंडानं काही सांगितलेलं नव्हतं, आईलाही धीर होत नव्हता. आई माझ्याकडे आणि टॅबकडे आळीपाळीनं बघत होती.

"जेवलं का माझं कोकरू?" आजींनी विचारलं.

"हो. थालीपीठ खाल्लं. मला तिसरं पण हवंय."

"खा खा. वाळलंय किती! आणि मराठीच्या बाई आल्यात का? नमस्कार हं बाई." मग गावाकडच्या पावसाचं, पंचगंगेला आलेल्या पुराचं, शेजारणीच्या म्हशीचं. दहा मिनिटांत त्यांनी नातवंडाला कोकरू, वासरू, सोनं, माझं बाळ असं सगळं म्हटलं. मग मागे वळून कुणाला तरी ओरडल्या आणि म्हणाल्या, "बरं, ठेवतो हं मी आता. दूध ठेवलंय गॅसवर. उतू जाईल."

टॅब काळा झाला. पोरगं घास हातात धरून तसंच बसलं.

"आजी 'ठेवतो' म्हणाली."

"अरे, म्हणजे अगं... त्यांच्याकडे सगळ्या तसंच म्हणतात," आई म्हणाली. "कोल्हापूरकडे. मी तर लग्न होऊन गेले तेव्हा घाबरलेच होते."

"सगळ्या लेडीज?"

"सगळ्या."

पोरग्यानं हे मनात नीट लावून ठेवलं असावं. मग माझ्याकडे वळून, मी फळ्यापाशी उभी असते तेव्हा विचारतं तसं विचारलं, "मग त्यांना कुणी करेक्ट नाही करत?"

"एकीला केलं होतं," मी म्हटलं. "आम्हीच."